अनुदान मोजण्याआधी गाड्या मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी ४७ वर्षांची. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण आणि हातखंब्याच्या दरम्यान आमचं जेवणाचं हॉटेल आहे, वर मुक्कामाच्या चार खोल्या. चार वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून मीच चालवते. मुलगा २५ वर्षांचा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून चाकणला नोकरीला होता, गेल्या दिवाळीत सोडून घरी आला. आता त्याच्या मनाने घेतलंय की हॉटेलपुढच्या मोकळ्या जागेत विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकायचं. एका एजंटाने २२ लाखांचं कोटेशन दिलंय: ६० किलोवॉटचा जलद चार्जर ९ लाख, ट्रान्सफॉर्मर, केबल आणि पॅनल ८ लाख, काँक्रीट आणि शेड ३ लाख, सॉफ्टवेअर, फी वगैरे २ लाख. तो म्हणतो सरकार ८० टक्के परत देतं, तुमचे साडेचार लाखच अडकतील. नोंदणीचे दीड लाख महिनाअखेर भरा म्हणून मागे लागलाय. यजमानांच्या विम्याचे आणि साठवलेले मिळून १४ लाख ठेवीत आहेत. उरलेलं कर्ज काढू, असं मुलगा म्हणतो. सातबाऱ्यावर धाकट्या दिरांचंही नाव आहे, ते डोंबिवलीला असतात. 'वहिनी, हे भलतं करू नका,' म्हणाले. विजेवरच्या, हिरव्या पाटीच्या गाड्या आमच्याकडे दिवसाला दोन-तीन थांबतात, गणपतीत आणि मे महिन्यात जास्त. नाही म्हटलं तर मुलगा परत जाईल. हो म्हटलं तर मला झोप लागणार नाही. काय करू?"

ताई,

पत्रात लाखांचे आकडे बरेच आहेत. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेला आकडा: दिवसाला दोन-तीन गाड्या. एजंटाच्या कोटेशनमध्ये तो कुठेच नसणार. त्याच्याकडे येतेच, पण आधी ते ८० टक्के पाहू, कारण घरातला सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतोय.

एजंटाने तो आकडा हवेतून आणलेला नाही. केंद्र सरकारची विजेवरच्या वाहनांसाठीची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. एकूण तरतूद १०,९०० कोटींची, त्यातले २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी. हे २,००० कोटी कसे वाटायचे याच्या सूचना सप्टेंबर २०२५ मध्ये निघाल्या आणि त्यात जागेप्रमाणे गट पाडले आहेत. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था अशा सरकारी आवारांत चार्जरसकट सगळा खर्च मिळू शकतो, अट इतकीच की चार्जर सगळ्यांना खुला हवा. रेल्वे आणि बस स्थानकं, विमानतळ, सरकारी तेल कंपन्यांचे पंप अशा ठिकाणी वीज पोचवण्याच्या सुविधांवर ८० टक्के आणि चार्जरवर ७० टक्के. मॉल, बाजारसंकुलं, रस्त्याकडेच्या खासगी जागा, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या वाट्याला, फक्त वीज पोचवण्याच्या सुविधांवर ८० टक्के. चार्जरवर काही नाही.

आता तुमचं कोटेशन समोर घ्या. वीज पोचवण्याच्या सुविधांत ट्रान्सफॉर्मर, केबल, पॅनल येतात, स्थापत्यकामही येतं. म्हणजे ८ आणि ३ मिळून ११ लाख. त्याचे ८० टक्के म्हणजे ८ लाख ८० हजार. तेही अख्खी रक्कम मंजूर झाली तर, कारण अनुदान तुमच्या कोटेशनवर ठरत नाही, सरकारने ठरवलेल्या प्रमाण दरांवर ठरतं. २२ मधून ते वजा केले की तुमच्या पदरचे १३ लाख २० हजार जातात. साडेचार लाख आणि सव्वातेरा लाख यांत केवढं अंतर आहे ते मी सांगायला नको. तुमची ठेवच १४ लाखांची आहे.

शिवाय हे पैसे कोणी मागायचे, हेही नीट समजून घ्या. एखाद्या हॉटेलमालकाने घरबसल्या अर्ज करावा आणि खात्यात रक्कम जमा व्हावी, अशी या योजनेची बांधणी नाही. राज्यं आणि केंद्रीय खाती आपापल्या नोडल संस्थेमार्फत, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या संस्थेमार्फत, जागा निवडून एकत्रित प्रस्ताव पाठवतात. निवडीत मोठी शहरं, राजधान्या आणि जास्त वर्दळीचे महामार्ग यांना प्राधान्य आहे. मंजुरीनंतरही पैसे दोन हप्त्यांत येतात, आधी ७० टक्के, मग ३० टक्के, आणि शेवटचा हप्ता चार्जिंग स्टेशन प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय सुटत नाही. तोवरचा खर्च ज्याचा त्याने उचलायचा, कर्ज असेल तर व्याजासकट. तुमचा एजंट 'नोंदणी' कशाची करणार आहे, हा प्रश्न मला म्हणूनच पडला. त्याला एवढंच विचारा: कोणत्या नोडल संस्थेच्या कोणत्या प्रस्तावात आमची जागा आहे, त्याचं पत्र दाखवा. पत्र नसेल तर दीड लाखांचा विषय तिथेच संपला. महिनाअखेरची मुदत त्याची आहे, सरकारची नव्हे.

राज्याच्या अनुदानाबद्दलही बराच घोळ चालू आहे, आणि हे फक्त तुमच्यासाठी लिहीत नाही. 'जलद चार्जरला ५० टक्के, ५ लाखांपर्यंत' असं छापलेली पत्रकं अजून फिरतात. ती तरतूद खरी होती, महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात. साध्या चार्जरला ६० टक्के, कमाल १० हजार रुपये, आणि जलद चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख. त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. त्यानंतर आलेलं धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय व्हावी असं उद्दिष्ट आहे, पण मदतीची रीत बदलली आहे. जास्त क्षमतेच्या चार्जरना १५ टक्क्यांपर्यंत 'व्यवहार्यता तफावत निधी', म्हणजे प्रकल्प परवडावा म्हणून दिलेली भर, त्यालाही वरची मर्यादा. कोणी अनुदानाचा कागद पुढे केला तर आधी त्यावरचं वर्ष वाचा.

आता गाड्यांकडे येऊ. हा हिशेब मुलाला शेजारी बसवून करा, त्याला आकडे कळतात.

समजा वीजबिल, ॲपवाल्याचं कमिशन, कर हे सगळं जाऊन युनिटमागे ५ रुपये हातात उरतात. हा आकडा मी उदाहरणापुरता धरलाय, तुमचा खरा आकडा वेगळा निघेल. २२ लाख पाच वर्षांत सोडवायचे, व्याज सोडून दिलं, तरी महिन्याला जवळपास ३६ हजार ७०० रुपये हवेत. म्हणजे महिन्याला सुमारे ७,३०० युनिटं, दिवसाला २४५. एक गाडी थांबून साधारण २२ युनिटं घेते असं धरलं, तर रोज ११ गाड्या. पावसाळ्यातल्या मंगळवारीसुद्धा ११. आणि अनुदानाचे पावणेनऊ लाख खरंच आले असं समजा: मग रोज सुमारे ७ गाड्या लागतात. तुमच्याकडे आज दोन-तीन थांबतात, त्याही जेवायला. त्यातल्या काही रत्नागिरीच्याच असतील, घरी चार्ज करून निघालेल्या, त्यांना तुमच्या चार्जरची गरजच नाही. अनुदान मिळो न मिळो, रोज सात गाड्या दारात यायलाच हव्यात.

म्हणून पहिलं काम मुलाला द्या. पुढचा एक महिना वहीत नोंद करायची: किती हिरव्या पाट्या थांबल्या, पांढऱ्या अक्षरांच्या खासगी किती, पिवळ्या अक्षरांच्या टॅक्सी किती, कुठून कुठे चालल्या आहेत, पोचल्या तेव्हा बॅटरी किती टक्के होती, आणि इथे चार्जर असता तर लावला असता का. शेवटचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय नोंदीला अर्थ नाही. तुमच्या अलीकडे-पलीकडे ५० किलोमीटरमध्ये कोणते चार्जर आहेत, त्यांतले चालू किती, बंद किती, रविवारी रांग लागते का, हेही त्याने स्वतः जाऊन पाहावं. बंद पडलेला चार्जर दिसला तर तिथल्या मालकाशी बोलावं. त्याच्याकडून जे कळेल ते कोणत्याही एजंटाच्या पुस्तिकेत सापडणार नाही.

एवढं वाचून मी तुमच्या दिरांच्या बाजूची आहे असं वाटलं असेल. तसं नाही. तुमची जागा मला चांगली वाटते. मुंबईहून गोव्याला किंवा सावंतवाडीला विजेवरची गाडी घेऊन निघालेला माणूस एका चार्जमध्ये पोचत नाही. घाट, एसी, भरलेली गाडी धरली तर बहुतेक गाड्या प्रत्यक्षात अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटर जातात, म्हणजे त्याला तुमच्याच पट्ट्यात कुठेतरी थांबावं लागणार. ६० किलोवॉटच्या चार्जरवर मध्यम आकाराच्या गाडीला २० वरून ८० टक्क्यांवर यायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढ्या वेळात चौघांचं कुटुंब जेवतं, सोलकढी पुन्हा मागतं, निघताना कोकमाची बाटली आणि काजू घेतं. विजेवर तुम्हाला सुटतील शंभर-सव्वाशे रुपये, जेवणावर त्याहून कितीतरी जास्त. तुमचा धंदा जेवणाचाच राहणार आहे, चार्जर त्याला गिऱ्हाईक आणून देईल. आणि गिऱ्हाईक आणण्यासाठी चार्जर तुमच्याच मालकीचा असायला हवा, असं थोडंच आहे?

स्टेशन टाकायचं किंवा टाकायचं नाही, या दोनच वाटा आहेत असं तुम्ही तिघांनीही धरून चालला आहात. मला मध्ये आणखी दोन दिसतात.

पहिली, वरच्या चार खोल्या. मुक्कामाच्या गाडीला जलद चार्जर लागतच नाही. ७.४ किलोवॉटचा साधा एसी चार्जर, म्हणजे घरात येते तशाच विजेवर चालणारा, रात्रीच्या आठ तासांत ५९ युनिटं देतो, म्हणजे बहुतेक गाड्या सकाळी भरलेल्या. असे एक-दोन चार्जर भिंतीवर बसतात, ट्रान्सफॉर्मर लागायचं कारण नाही, खर्च लाखाच्या आसपास राहतो. वायरिंग, अर्थिंग, वीज कोसळण्यापासून संरक्षण हे तुमच्या मुलाचं शिक्षणच आहे. कोकणात मान्सूनआधी विजा कशा पडतात तुम्हाला माहीतच आहे, तिथे एक रुपयाही वाचवू नका. जेवायला थांबलेल्या गाडीला मात्र हा चार्जर पुरणार नाही, हेही आधीच ओळखून ठेवा. चाळीस मिनिटांत त्यातून पाच युनिटं जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. 'आमच्याकडे चार्जिंग आहे' अशी पाटी महामार्गावर लावून लोकांना निराश करू नका. बुकिंगच्या ठिकाणी लिहा: मुक्कामाला चार्जिंगची सोय.

दुसरी वाट, पुढची मोकळी जागा चार्जिंग चालवणाऱ्या कंपनीला कराराने द्यायची. भांडवल तिचं, चार्जर तिचा, देखभाल तिची, तुम्हाला भाडं किंवा युनिटमागे हिस्सा. सरकारी अनुदानाचे प्रस्ताव, नोडल संस्थेचे हेलपाटे, सॉफ्टवेअर, हे त्यांचं रोजचं काम आहे. हिस्सा किती मागायचा याला एक आधार आहे: केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी जागेवरच्या केंद्रासाठी जागामालकाला युनिटमागे १ रुपया सांगितला होता. तुमच्याकडे जेवण आहे, स्वच्छ संडास आहेत, रात्री दिवा आणि माणूस आहे, तेव्हा सुरुवात तिथून वर करा. युनिटं कमी गेली तरी मिळेल असं किमान मासिक भाडं मागा. वीजजोडणी आणि बिल कंपनीच्या नावावर हवं. चार्जर सलग अमुक दिवस बंद राहिला तर दंड, आणि तीन महिने बंद राहिला तर करार संपून जागा मोकळी, हे कलम काहीही झालं तरी हवंच. मेलेला चार्जर दारात उभा असला की लोक चिडतात हॉटेलवर. करार नोंदणी करून घ्या, आणि सहीआधी वकिलाला दाखवा.

स्वतःचा जलद चार्जर हा विचार सोडून द्या असं मी म्हणत नाही, वर्ष-दीड वर्ष पुढे ढकला म्हणते. दरम्यान मुलाने महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन एक साधी चौकशी करावी: आमच्या जागेवर ८० किलोवॉट वाढीव भार द्यायचा तर काय लागेल, त्याचं अंदाजपत्रक काय. राज्यात चार्जिंगसाठीची नोडल संस्था म्हणून महावितरणचीच नेमणूक झालेली आहे, त्यामुळे अनुदानाची चौकशीही तिथेच करता येईल. चार्जिंग केंद्र चालवायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण जोडणी वेगळी घेतली तर दर चार्जिंगच्या वर्गवारीचा लागतो. त्यात मागणी आकार किती हे जरूर विचारा, गाडी येवो न येवो तो दरमहा भरावा लागतो. नियमाप्रमाणे ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत मिळायला हवी, जाळं वाढवावं लागत असेल तर ९० दिवसांपर्यंत. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ वीज स्वस्त आणि बाकी वेळी महाग ठेवायला सांगितलंय. प्रत्यक्ष दर आपला वीज नियामक आयोग ठरवतो. दुपारच्या जेवणाची वेळ नेमकी त्या स्वस्त तासांत येते, ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट. आणि वहीत आणखी एक रकाना आखा: वीज किती वेळा गेली, किती तास. जुलैत फांदी पडून सहा तास अंधार झाला तर ६० किलोवॉटचा चार्जर तुमच्या हॉटेलच्या जनरेटरवर चालणार नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांसाठी दोन शब्द. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांच्या आसपास जागा असलेल्यांची स्थिती वेगळी आहे. तिथे विजेवरच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून पथकर माफ आहे आणि गाड्या त्या रस्त्यांकडे वळण्याला कारण आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, शाळा, सरकारी दवाखाना यांच्या आवारासाठी धडपडणाऱ्यांनी तर हातपाय हलवायलाच हवेत, त्यांच्या गटाला पूर्ण खर्चाची तरतूद आहे आणि ती मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देणार नाही. योजनेची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढलेली आहे. शहरातल्या सोसायट्यांनी मात्र एक लक्षात घ्यावं. फक्त सभासदांसाठीचा चार्जर हा सार्वजनिक चार्जर नाही.

आता दीर. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे, म्हणजे बँक, कंपनी, महावितरण, कोणीही त्यांची लेखी संमती मागणारच. त्यांना एजंटाच्या कोटेशनवर मत विचारलंत, म्हणून ते 'नको' म्हणाले. जागा भाड्याने देण्याचा प्रस्ताव, त्यात त्यांचा हिस्सा, आणि महिन्याभराची वही असं सगळं घेऊन पुन्हा विचारा. कदाचित उत्तर तेच येईल, पण मग ते या प्रस्तावावरचं उत्तर असेल. आणि जमीन अकृषक आहे का, महामार्गाच्या हद्दीपासून किती अंतर सोडावं लागतं, हेही याच वेळी तपासून घ्या. हॉटेल जुनं आहे म्हणून सगळं नियमात असेल असं समजू नका.

मुलाशी बोलणं राहिलं, आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जड तेच जातंय. 'नाही म्हटलं तर तो जाईल,' असं तुम्ही लिहिलंत. तो घरी का आला, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? पत्रात ते कुठे दिसलं नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाला आईच्या गल्ल्यावर बसून हिशेब लिहिण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी हवं असतं. चार्जिंग स्टेशन हे त्याला सुचलेलं त्या 'स्वतःच्या' गोष्टीचं नाव असेल. तसं असेल तर बावीस लाखांना नाही म्हणूनही त्याला हो म्हणता येतं. एसी चार्जरचं काम पूर्ण त्याच्यावर सोपवा: खर्च, वायरिंग, दर, वर्षाचा हिशेब. कंपन्यांशी बोलणी त्यालाच करू द्या, तुम्ही फक्त सहीआधी कागद वाचा. आणि हॉटेलमधून त्याला दरमहा ठरलेला पगार सुरू करा. सहा महिने घरी राबतोय आणि खिशात स्वतःचे पैसे नाहीत, या अवस्थेत मुलं मोठमोठ्या योजनांना धरून बसतात.

पैशांची मर्यादा त्याला आकड्यात सांगा, आडून नको. त्याला म्हणा, १४ लाखांतल्या १० लाखांना हात लागणार नाही, ते माझ्या म्हातारपणाचे आणि दुखण्याखुपण्याचे. उरलेल्या ४ लाखांत तू काय उभं करतोस ते दाखव. हॉटेलवर कर्ज नाही, सातबारा गहाण नाही. हे एकदाच, शांतपणे, कोणत्याही भांडणाच्या दिवशी नव्हे, सांगून टाका. तो रागावेल. रागाने महिनाभर चाकणला मित्राकडे गेला तरी जाऊ द्या, वही तुम्ही स्वतः लिहायला घ्या, तुम्हाला गिऱ्हाइकांशी बोलता येतंच. गणपतीआधीचा एक महिना आणि गणपतीचे दिवस असे दोन्ही मोजून झाले की वेगवेगळी सरासरी काढा. आडदिवसांची सरासरी चारच्या पुढे गेली तर कंपन्यांना फोन लावायची वेळ झाली असं समजा. सातच्या पुढे गेली, तर मुलाने पुन्हा कोटेशन मागवावं, या वेळी तीन ठिकाणांहून.